हरणाऱ्याची सोय



पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात १९ जुलै १९९७ रोजी निवडणूक झाली. साडेसहा वर्षांची यादवी थांबून तेव्हा वर्षही झाले नव्हते. अध्यक्षपदाच्या उमेदवारांत चार्ल्स टेलर होता. यादवी पेटवली ती यानेच, आणि कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या त्या याच्याच माणसांनी. प्रचाराच्या दिवसांत राजधानी मनरोव्हियाच्या रस्त्यांवरून टेलरचे पाठीराखे एक घोषणा देत फिरत. तिचा मतलब असा, की आमच्या आईला यानेच मारले, बापालाही यानेच, तरी मत आम्ही यालाच देणार. आणि दिले. टेलरला ७५ टक्के मते पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या एलन जॉन्सन सरलीफ यांना दहा टक्केही मिळाली नाहीत. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह परदेशी निरीक्षक जातीने हजर होते. निकाल फिरेल इतकी लबाडी कुणाला आढळली नाही. निरीक्षकांनी शेरा लिहिला आणि ते परतीच्या विमानात बसले.

त्या मतदारांना खुळे म्हणणे सोपे आहे. मला ते पक्के हिशेबी वाटतात. टेलर हरला तर तो पुन्हा जंगलात जाणार आणि गावे पुन्हा जळणार, हे भाजी विकणाऱ्या बाईपासून शाळामास्तरापर्यंत सर्वांना ठाऊक होते. बंदुका काही प्रमाणात जमा झाल्या होत्या, पण टेलरची माणसे टेलरचीच राहिली होती. लोकांनी मतपत्रिकेवर खंडणी भरली. ती भरूनही शांतता मिळाली नाही. चार महिन्यांत एका विरोधी नेत्याचा पत्नीसह खून झाला. सरलीफ यांना देश सोडावा लागला. १९९९ मध्ये दुसरी यादवी सुरू झाली.

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय भारदस्त छापला आहे: संघर्षग्रस्त देशांतील शांतता, निवडणुका, सुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय साहाय्य. एवढे सगळे एका संध्याकाळी मावणार नाही. मी त्यातले एकच सूत्र धरतो. निवडणूक हरलेल्या माणसाला जिवंत घरी जाता आले पाहिजे, त्याच्या माणसांची पोटे चालली पाहिजेत आणि पुढच्या वेळी पुन्हा उभे राहता येईल याची त्याला खात्री वाटली पाहिजे. बाहेरच्या देशांनी काही करायचे असेल तर ही सोय करावी. मतपेट्या पुरवणे हे त्या मानाने किरकोळ काम आहे. आपल्याकडे हरलेल्याचे फार तर डिपॉझिट जप्त होते. पडलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी टपरीवर बसून मतदान यंत्राच्या नावाने बोटे मोडतो आणि आठवड्याभरात पुढच्या निवडणुकीच्या मागे लागतो. ही चैन आहे. ती आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की जगात पुष्कळ ठिकाणी ती नाही, हे ध्यानातच येत नाही.

लायबेरियाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. अमेरिकेतून परत पाठवलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश १८४७ मध्ये स्वतंत्र झाला. या वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी मूळच्या रहिवाशांवर जवळजवळ एकाच पक्षाच्या नावाने १९८० पर्यंत राज्य केले. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामी सोसली त्यांनीच इथे मालकी गाजवली. १९८० च्या एप्रिलात सॅम्युएल डो या सार्जंटने अध्यक्षांना ठार करून सत्ता बळकावली आणि दहा दिवसांनी तेरा बड्या अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. १९८५ मध्ये त्याने निवडणूक घेतली. मते मोजायला आपली निवडक माणसे बसवली आणि स्वतःला ५१ टक्क्यांच्या जरा आत आणून ठेवले. तेवढी लाज शिल्लक होती म्हणायची. महिन्याभरात बंड झाले, ते फसले, आणि डोच्या सैन्याने निंबा भागातल्या लोकांवर सूड उगवला. १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी टेलर सीमा ओलांडून आला तो याच निंबात. चोरलेल्या निवडणुकीपासून यादवीपर्यंतचे अंतर चार वर्षांचे होते.

आता थोडे आफ्रिकेच्या दक्षिणेकडे. अंगोलात १९९२ च्या सप्टेंबरअखेर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झाले. एवढ्या अवाढव्य देशासाठी लष्करी निरीक्षक किती, तर साडेतीनशेच्या आसपास. त्या मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अँस्टी यांनी सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा क्रमांक ७४७ होता यावरून टोमणा मारला होता, की विमान ७४७ जातीचे दिले आणि इंधन मात्र जुन्या डकोटापुरते. दोन्ही सैन्ये कागदावर मोडली होती. प्रत्यक्षात बंडखोर नेता योनास साविंबीचे सैन्य त्याच्या हाताशी होते. त्याला ४० टक्के मते पडली. कुठल्याही लोकशाहीत चाळीस टक्के मते म्हणजे भरभक्कम विरोधी पक्ष. पण तिथे जिंकणाऱ्याला सगळे होते आणि हरणाऱ्याला काहीच नव्हते. साविंबीने निकाल फेटाळला, शहरांना वेढे पडले, आणि २००२ मध्ये तो मारला जाईपर्यंत युद्ध चालले.

खंडाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, मोझांबिकमध्ये, याचा धडा लगेच घेतला गेला. तिथल्या मोहिमेचे प्रमुख आल्दो आयेल्लो हे इटालियन गृहस्थ व्यवहारी होते. सैनिकांची पांगापांग पूर्ण होईपर्यंत मतदान नाही, असे ठरून ऑक्टोबर १९९३ ची निवडणूक वर्षभर पुढे गेली. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. रेनामो ही बंडखोर संघटना अत्यंत क्रूर म्हणून कुख्यात. तिला राजकीय पक्ष बनता यावे म्हणून देणगीदार देशांनी निधी उभारला. त्यात इटली पुढे. त्यातून घरे, कार्यालये, गाड्या आल्या आणि तिचा नेता अफोन्सो ध्लाकामा याच्या हाती दरमहा रोख रक्कम पडू लागली. खुन्यांना पगार, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण ऑक्टोबर १९९४ मध्ये ध्लाकामा हरला, कुरकुरला आणि राजधानीतच राहिला. त्याच्याकडे गमावण्यासारखे काहीतरी होते. वीस वर्षांनी रेनामोची काही माणसे पुन्हा जंगलात गेली, हेही सांगायला हवे. पण वीस वर्षांत एक पिढी युद्धाविना वाढली.

कंबोडियाची गोष्ट याच्या उलट आहे आणि बोचरी आहे. संयुक्त राष्ट्रांनी तिथे सुमारे २२ हजार माणसे नेली, दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, देशाचा कारभारच काही काळ देखरेखीखाली घेतला. मे १९९३ मध्ये नोंदलेल्या मतदारांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक ख्मेर रूजच्या धमक्यांना न जुमानता मतदानाला आले. सत्ताधारी हुन सेन यांचा पक्ष दुसरा आला. पण पोलीस, सैन्य आणि गावोगावची कचेरी त्याच्याच हाती होती. हरलेल्याने हार मानली नाही, म्हणून एका देशाला दोन पंतप्रधान देण्याची तोड निघाली. जुलै १९९७ मध्ये दुसऱ्या पंतप्रधानाने, म्हणजे हुन सेन यांनी, पहिल्याला रणगाडे रस्त्यावर आणून हाकलले. तोच महिना, लायबेरियात टेलर निवडून आला तो. हरणाऱ्याची सोय म्हणजे त्याला सत्तेत ठेवणे, असा अर्थ कुणी घेऊ नये म्हणून हे सांगितले.

परत लायबेरियाकडे येतो, कारण तिथे एकाच देशात दोन्ही प्रयोग झाले.

२००३ च्या जूनमध्ये घानात वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवरचे आरोपपत्र जाहीर केले आणि तो घाईघाईने मनरोव्हियाला परतला. पुढचे दोन महिने शहरावर तोफगोळे पडत होते. चिडलेल्या लोकांनी अमेरिकन वकिलातीच्या फाटकासमोर आपल्या माणसांची प्रेते आणून रचली: बघा, आता तरी या. तिकडे घानात टोळ्यांचे प्रतिनिधी चांगल्या हॉटेलांत उतरून कुणाला कुठले खाते मिळणार यावर घासाघीस करत होते. त्यांच्या सभागृहाबाहेर पांढरे कपडे घातलेल्या लायबेरियन बायका बसून होत्या; ख्रिस्ती होत्या, मुसलमानही होत्या. त्यांची पुढारी लेमा ग्बोवी. आठवड्यांमागून आठवडे गेले, तशा एके दिवशी त्या एकमेकींच्या हातांत हात गुंफून दारात बसल्या. करार झाल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. पहारेकरी ग्बोवींना अटक करायला आले, तेव्हा त्या उभ्या राहून अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या बाईला विवस्त्र पाहणे हा त्या भागात पुरुषाला लागणारा शाप समजला जातो. पहारेकरी मागे सरले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी लष्करशहा अब्दुलसलामी अबुबकर. त्यांनी बाहेर येऊन बायकांशी बोलणी केली. ११ ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला आणि १८ ऑगस्टला करार झाला.

शांततेच्या इतिहासात हा प्रसंग हमखास येतो आणि बहुधा तिथेच थांबतो. त्यानंतरची भानगड कमी सांगितली जाते. सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने १५ हजार सैनिकांची मोहीम मंजूर केली. सैनिक पुरेसे पोचण्याआधीच, ७ डिसेंबर २००३ रोजी, मनरोव्हियाबाहेरच्या शीफेलिन छावणीत बंदुका जमा करायला सुरुवात झाली. जो शस्त्र देईल त्याला ३०० डॉलर, दोन हप्त्यांत. अंदाज होता हजारेक जण येतील. आले कितीतरी पट. पोरे गांजा ओढून, खांद्यावर क्लाश्निकोव्ह टाकून, रोख पैसे आत्ताच पाहिजेत म्हणून हवेत गोळ्या झाडत होती. पुढचे दोन दिवस शहरात धुमाकूळ झाला, माणसे मेली. सरकारी समारंभाचा मुहूर्त साधण्याची हौस फक्त आपल्याकडेच असते असे नाही. कार्यक्रम बंद करावा लागला, तो एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेस छावण्या, जेवण, वैद्यकीय तपासणी अशी नीट तयारी करून.

आकडे मोठे बोलके आहेत. एक लाखाहून जास्त लोकांनी आपण लढवय्ये होतो म्हणून नाव नोंदवले. बंदुका जमा झाल्या सुमारे २८ हजार. म्हणजे चौघांत एक. लेखापरीक्षकाच्या डोळ्यांनी पाहिले तर हा उघड घोटाळा. नियम असा होता की बंदूक नसली तरी ठरावीक काडतुसे चालतील, आणि बायका व मुले यांना तर तेही बंधन नव्हते. साहजिकच सरदारांनी काडतुसे आपल्या भाच्या-पुतण्यांत वाटली. परंतु या पैशाने विकत घेतली ती लोखंडाची नळी नव्हे. टोळीतला पोरगा सरदाराच्या दारात भाकरीसाठी उभा राहायचा, तो आता नोंदणीच्या टेबलासमोर उभा राहिला. त्याचा फोटो निघाला, ओळखपत्र मिळाले, सुतारकामाच्या नाहीतर शाळेच्या यादीत नाव लागले. प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी कामचलाऊच होते. सरदारामागचा घोळका मात्र पांगला. १९९७ मध्ये नेमके हेच राहून गेले होते.

म्हणून ११ ऑक्टोबर २००५ चे मतदान वेगळे ठरले. बावीस उमेदवार होते. पावसाळा सरता सरता नव्हता. मतपेट्या हेलिकॉप्टरने गेल्या, होडीतून गेल्या, आणि जिथे वाट संपत होती तिथून हमालांच्या डोक्यावरून गेल्या. पहिल्या फेरीत फुटबॉलपटू जॉर्ज वेआ पुढे होता. १९९५ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, झोपडपट्टीतून वर आलेला, तरुणांचा जीव की प्राण. नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत हार्वर्डला शिकलेल्या सरलीफ यांना ५९ टक्के मते पडली. वेआचे पाठीराखे रस्त्यावर आले, दगडफेक झाली, तक्रार दाखल झाली. महिन्याभराने त्याने तक्रार मागे घेतली. त्याच्या मोठेपणाचे कौतुक जरूर करावे. त्याचबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या १५ हजार निळ्या टोप्या देशात होत्या, आणि त्याच्यामागे एकही पलटण नव्हती, हेही लक्षात ठेवावे. टेलरच्या जागी असा माणूस दुसरा येणे हीच मधल्या दोन वर्षांची कमाई होती.

बाहेरच्यांनी एक काम असे केले की ज्यावर तिथले लोक अजूनही वाद घालतात. निवडणुकीच्या आधी, सप्टेंबर २००५ मध्ये, देणगीदारांनी हंगामी सरकारकडून एक करार करून घेतला. मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, तेलशुद्धीकरण महामंडळ, वनखाते, जिथे जिथे पैसा होता तिथे तिथे एक परदेशी नियंत्रक बसला. त्याच्या सहीवाचून खर्च नाही. साताऱ्याच्या गादीशेजारी कंपनी सरकारचा ग्रँट डफ कसा बसला हे ज्यांनी वाचले आहे, त्यांच्या कपाळाला आठी पडावी अशीच ही व्यवस्था. माझ्याही पडली होती. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. मनरोव्हियातले नियंत्रक २०१० पर्यंत निघून गेले आणि त्याच वर्षी देशाचे साडेचार अब्ज डॉलरहून अधिक कर्ज माफ झाले. हा फरक मोठा आहे. पण याचा संबंध माझ्या सूत्राशी वेगळ्याच बाजूने येतो. बंदराची तिजोरी जिंकणाऱ्याच्या खिशात जात नसेल, तर निवडणूक हरणे तेवढे महाग राहत नाही. लाकूड आणि हिऱ्यांच्या निर्यातीवर घातलेल्या बंदीचाही तोच उपयोग झाला. टेलरचे सैन्य याच दोन गोष्टींवर पोसले गेले होते.

आणि आता आपल्या माणसांविषयी. खरे तर आपल्या बायकांविषयी. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिलांची तुकडी मनरोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. पहिल्या तुकडीचे नेतृत्व सीमा धुंडिया यांच्याकडे होते. अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा, रात्रीची गस्त, जमाव पांगवणे, अशी कामे. दर वर्षी नवी तुकडी जाई, जुनी परत येई, असे नऊ वर्षे चालले. त्यांच्याविषयी आपल्या वर्तमानपत्रांतून जे आले ते बरेचसे राखीपौर्णिमा आणि नृत्यवर्ग या थाटाचे होते. ते खोटे नाही, पण महत्त्वाचे दुसरेच आहे. ज्या देशात बंदूकवाला दिसला की बायका पोरी लपवत, तिथे रात्री अकराला बंदूक घेतलेली बाई रस्त्यावर उभी दिसू लागली. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत महिलांचे प्रमाण त्या काळात ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले, असे संयुक्त राष्ट्रांनीच नोंदवले आहे. याचे सगळे श्रेय भारतीय तुकडीला देणे अतिशयोक्ती होईल. सरलीफ सरकारचे धोरणही त्यामागे होते. आणि त्याच मोहिमेतल्या काही पुरुष सैनिकांवर अन्नाच्या, पैशाच्या बदल्यात मुलींचे शोषण केल्याचे आरोप झाले, ही गोष्ट शांतिसेनेचे पोवाडे गाताना गाळून चालणार नाही.

एका निवडणुकीने काही सिद्ध होत नसते. २०११ मध्ये विरोधकांनी दुसऱ्या फेरीवर बहिष्कार टाकला, आदल्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला, माणूस मेला. सगळे पुन्हा घसरते की काय असे वाटले. पण वेआ जंगलात गेला नाही. २०१४ मध्ये तो सिनेटला उभा राहिला आणि खुद्द अध्यक्ष सरलीफ यांच्या मुलाला त्याने प्रचंड मतांनी पाडले. अध्यक्षांच्या मुलाचा पराभव होतो आणि दुसऱ्या दिवशी शहरात दुकाने उघडतात, ही बातमी जगात कुठे पहिल्या पानावर आली नाही.

२०१७ मध्ये खरी कसोटी लागली. शांतिसेनेचे सैनिक पाचशेहूनही कमी उरले होते. पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या पक्षाने गैरप्रकारांची तक्रार केली आणि सर्वोच्च न्यायालयाने दुसरी फेरी थांबवली. ठरलेली तारीख गेली. मतपेट्या पडून राहिल्या. परदेशी राजदूतांची घालमेल चालली होती. तारीख टळली की त्यांना घाम फुटतो. न्यायालयाने महिनाभर सुनावणी केली, मतदार यादी दुरुस्त करायला सांगितली, मग परवानगी दिली. २६ डिसेंबरला मतदान झाले, वेआ निवडून आला. १९४४ नंतर प्रथमच एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती कारभार सोपवला. मार्च २०१८ अखेर संयुक्त राष्ट्रांची मोहीम गाशा गुंडाळून गेली. चौदा वर्षांहून जास्त काळ ती तिथे होती. मतदानाचे दिवस त्यातले मोजकेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये वेआ हरला, जोसेफ बोआकाई जिंकले. फरक होता सुमारे २० हजार मतांचा. निवडणूक आयोगाची अंतिम घोषणा व्हायची होती, तेवढ्यात वेआने बोआकाईंना फोन करून अभिनंदन केले आणि आकाशवाणीवरून पाठीराख्यांना घरी जायला सांगितले. देशात तेव्हा एकही शांतिसैनिक नव्हता. एवढ्या थोड्या फरकाने हरून भाषण करणारे अध्यक्ष श्रीमंत देशांतही हल्ली दुर्मिळ झाले आहेत.

या सोयीची किंमतही सांगितली पाहिजे. १९९० मध्ये डोला हालहाल करून मारताना समोर बिअर पीत बसलेला टोळीप्रमुख प्रिन्स जॉन्सन, त्या प्रसंगाची चित्रफीत जगाने पाहिली, तो २००५ मध्ये निंबातून सिनेटवर निवडून आला आणि पुन्हा पुन्हा येत राहिला. २०११ मध्ये तो अध्यक्षपदाच्या शर्यतीत तिसरा होता. २०२३ मध्ये बोआकाईंच्या विजयाला निंबाची मते उपयोगी पडली, ती त्याच्याच पाठिंब्याने. सत्य आणि समेट आयोगाने २००९ मध्ये ज्यांच्यावर खटले भरावेत म्हणून नावे दिली, त्यांच्यापैकी कुणावरही लायबेरियात खटला चालला नाही. टेलरला पन्नास वर्षांची शिक्षा झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. स्वतःच्या देशात केलेल्या गुन्ह्यांचा त्यात हिशेब नाही. ज्यांची गावे जळाली त्यांना आम्ही शांतता दिली, असे न्यूयॉर्कमध्ये बसून म्हणता येते. निंबातल्या विधवेला ते तितके सहज पटणार नाही, आणि तिला पटवण्याची माझी तयारी नाही.

मे २०२४ मध्ये बोआकाईंनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करणारे कार्यालय स्थापन करण्याचा हुकूम काढला. त्याच नोव्हेंबरात प्रिन्स जॉन्सन वारला, सिनेटर असतानाच. न्यायालयासाठी आता पैसा लागेल, बाहेरचे न्यायाधीश लागतील, साक्षीदारांना संरक्षण लागेल. २००३ मध्ये सरदारांच्या पोरांना प्रत्येकी ३०० डॉलर मोजायला जे देश पुढे आले, त्यांच्याच दारी लायबेरियाला पुन्हा जावे लागणार आहे. फरक एवढाच की या वेळी मागणारे निःशस्त्र आहेत.